पोरीच्या आईचं नाव

विरूपाक्ष बिराजदार गुरुजी म्हणजे लातुरातला सुधारकी माणूस. नातीच्या बारशाला हॉल घेतला तेव्हाच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, की मधी बापाचं नाव लावायचे दिवस गेले, आमच्या पोरीला आईचं नाव लागंल. लोकांनी वाहवा केली. पाळण्यामागं थर्माकोलची अक्षरं चिकटली: आरोही मनस्विनी बिराजदार. आरोही हे नाव बापानं, म्हणजे मल्लेशनं, काढलेलं. ते सुनेलाबी आवडलं होतं. तिचं भांडण मधल्या नावाशी होतं.

कारण मनस्विनी नावाची बाई तीन वर्षांमागं या जगातच नव्हती. होती ती निलंग्याच्या गुंडप्पांची लेक चन्नव्वा, आज्जीचं नाव घेऊन वाढलेली. लग्नात मल्लेशनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं, ते शेजारी बसलेल्या नवरीनं मान वाकडी करून वाचलं, तेव्हा तिला कळलं की आपण आता मनस्विनी. नाव गुरुजींच्या पसंतीचं. चन्नव्वा म्हणजे कसं, जुनाट, कानडी, चारचौघांत हाक मारायची चोरी. तिला विचारलं का कुणी? नवरीला काय विचारायचं असतंय! तिनं मुकाट्यानं मान खाली घातली आणि त्या नावाला ओ देत राहिली.

आजही गप्पच बसली असती. पण सकाळी बाळंतविड्याची पिशवी घेऊन गुंडप्पा आले. लेक दारात दिसली तसं "चन्..." एवढं तोंडातून निघालं, अन् शेजारी गुरुजी उभे बघून म्हातारा चपापला. "मनस्विनीताई, बरी हाईस न्हवं?" म्हणाला. पोटच्या पोरीला ताई! चन्नव्वाच्या अंगाची लाहीलाही झाली. उद्या आपली लेक आईचं म्हणून जन्मभर भलतंच नाव लावणार, आणि तिची आई कोण होती हे तिला कधी कळणारसुद्धा न्हाई.

दुपारी पाळण्याभोवती बाया जमल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्यासाठी मल्लेशची बहीण रेणुका नांदेडहून आलेली. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, म्हणून पोरीबाळी बाह्या सरसावून तयार. आता बाळाला पाळण्यात घालायचं, तर चन्नव्वा ते छातीशी धरून उभीच. मधलं नाव बदलल्याबिगर पोरगी पाळण्यात जाणार न्हाई, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

गुरुजींना वाटलं, सुनेला नवऱ्याचंच नाव पाहिजे. बाई, काळ बदलला, आईचाबी मान असतो, असं ते तिला समजावायला लागले.

"आईचं कुठं लावलंय, अप्पा?" ती म्हणाली. "तुमच्या सुनेचं लावलंय. पोरीच्या आईचं नाव चन्नव्वा हाय."

घरी गेल्यावर बोलू, म्हणून मल्लेशनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. गुरुजी म्हणाले, वर्गात पोरं हसतील हिला. हसू द्या, ती म्हणाली, काय उत्तर द्यायचं ते मी शिकवीन. गुंडप्पा हात जोडून पुढं यायला लागले, तर लेकीनं त्यांना नजरेनंच जागेवर बसवलं. पंगत खोळंबली, आचारी येऊन डोकावून गेला, पण ही बया तसूभर हलायला तयार न्हाई.

शेवटी रेणुका उठली. सासरी तिला वैभवी म्हणतात, आणि ते तिला कधी आवडलं का, हेही कुणी विचारलेलं नव्हतं. पाळणा तिथंच ठेवून ती भावजयीजवळ गेली, वाकली आणि बाळाच्या कानाला तोंड लावलं.

"काय सांगितलंस?" गुरुजी ओरडले.

"आरोही चन्नव्वा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आत्यानं सांगितलेलं नाव माघारी फिरत न्हाई, अप्पा."

मग तिच्या पाठीत असे बुक्के बसले, की हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजी खुर्चीत तोंड फिरवून बसले. पण नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फोटोवाला म्हणाला, आजोबा, नातीसोबत एक होऊ द्या. तसे त्यांचे हात आपसूक पुढं झाले.

"मनस्विनी, आण तिला इकडं."

चन्नव्वा समोरच उभी होती. ती हलली न्हाई. तिला भीती वाटत न्हवती असं न्हाई, पण आज ओ दिली तर चन्नव्वा जन्माची गेली, हे तिला पक्कं कळत होतं.

"मनस्विनी!" गुरुजींनी शाळेतला आवाज काढला.

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि म्हाताऱ्याचे हात तसेच रिकामे पसरलेले.

"चन्नव्वा," गुरुजी हळू म्हणाले.

"ओ, अप्पा," म्हणत ती पुढं झाली आणि त्यांची नात त्यांच्या मांडीवर दिली.