स्थानिक

टपाल कचेरीच्या वर्गीकरण खोलीत अठ्ठेचाळीस खण आहेत. डावीकडचा सगळ्यात खालचा खण सर्वांत मोठा. त्यातली पत्रं गावाबाहेर जात नाहीत.

वाळूमाशी चावते तेव्हा आवाज करत नाही.

शेवटची बस सव्वाचारला सुटते, आणि खरंच सव्वाचारला सुटते.

आरसा उलटा टांगला की पुठ्ठा दिसतो. पुठ्ठ्यावर दुकानाचा शिक्का.

*

नाकाच्या डाव्या बाजूला पुटकुळी आली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते.

"वयाची आहे," आई म्हणाली. "हात लावू नकोस."

मी हात लावला नाही. महिन्याभरात तिची वाटी झाली. कडा उंच, मध्ये खड्डा, वर खपली. दुखत मात्र नव्हती, आणि जे दुखत नाही त्याच्याकडे आमच्या घरात कोणी बघत नाही.

कापडदुकानात मी काउंटरवर असायचे. मालकीणबाईंनी मला आत घड्या घालायला बसवलं. "गिऱ्हाईक कापड सोडून तुलाच बघत बसतं गं," त्या हसून म्हणाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या असतील.

मग बाबा मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. पाच तासांचा प्रवास. डॉक्टरीणबाईंनी कडेची कातडी खरवडून काचेवर घेतली, दोन तासांनी परत बोलावलं, एक कागद बाबांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाहेर बसा. बोलावतील."

कागदावर होतं:

वाळूमाशीचा व्रण.
स्थानिक उपचार.
खोली ७.

बाबांनी टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं लावली. अक्षर कसलंही असो, पत्ता अर्धा असो, त्यांचा हात अडत नाही. कागद त्यांनी एकदाच वाचला.

"स्थानिक," ते म्हणाले. "म्हणजे आपल्या गावातच करायचंय. ऊठ ठमे, सव्वाचारची मिळेल."

"आणि खोली सात?"

"आत्ता बसलो होतो तीच असेल. नोंदीसाठी लिहितात."

मी मान वळवून दारावरचा आकडा बघितला नाही.

*

गावात औषधाच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "नायटा." मलम दिलं. दोन महिने लावलं. मधली कातडी पांढरी पडली, कडा पुढे सरकली.

"अहो, तो कागद तरी दाखवा त्याला," आई म्हणाली.

"कागद कशाला? कुठे जायचं ते त्यात आहे, ते मी वाचलं. बाकीचा मजकूर ज्याचा त्याला."

"म्हणजे हिचं नाक पण पाकिटात घालून चिकटवा."

कागद चार घड्या होऊन बाबांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात राहिला.

मलमानंतर पाल्याचा लेप देणारी आजीबाई. लेपानंतर न्हावी.

"या गावातल्या अर्ध्या चामखिळी मी काढल्यात," न्हावी म्हणाला.

"आणि उरलेल्या अर्ध्या?" आईने विचारलं.

"ती माणसं आता दुसरीकडे केस कापतात."

आम्ही तिघंही हसलो. मग त्याने बाटलीत काडी बुडवली आणि खड्ड्यात फिरवली. धूर निघाला. तेव्हा पहिल्यांदा दुखलं.

"भाजतंय म्हणजे लागू पडतंय," तो म्हणाला.

पाच वेळा गेले. बाबा प्रत्येक वेळी रजा काढून सोबत आले, खुर्चीमागे उभे राहिले, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. त्यांच्या बोटांना शाईचा वास यायचा.

*

आठव्या महिन्यात आईने सदरा धुवायला घेतला आणि खिसा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी बाबा कामाला गेल्यावर आम्ही दोघी बसमध्ये बसलो.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं नाही. कागद ओळखला.

"त्या दिवशी कुठे गेलात?"

"गावात," आई म्हणाली. "तुम्हीच लिहिलं होतं, स्थानिक."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. "स्थानिक म्हणजे त्या जागी, ताई. व्रणातच सुई देतात. आठवड्याला एक, अशा पाच-सहा. इथेच."

"मग आता द्या."

"देऊ. रोग थांबेल. पण नाकपुडी गेलीय, ती परत येणार नाही."

आईने पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. तिने विचारलं, "आठवड्यातला वार कोणता?"

*

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"आमच्याकडे त्या शब्दाला एकच खण आहे," ते म्हणाले.

नंतर आरसा त्यांनीच उलटा केला. मी सरळ केला, त्यांनी पुन्हा उलटा केला. आता उलटाच असतो.

हल्ली ते प्रत्येक पाकीट दोनदा वाचतात. गावात टपाल उशिरा पोचतं. लोक कुरकुरतात.

*

खोली सातच्या वहीत आमच्या पहिल्या दिवसाची नोंद आहे: सुई तयार, तीन वाजून पन्नास मिनिटं, नाव तीनदा पुकारलं, हजर नाही.