पाण्यातली ऊब

दीपमालाने चपला काढून सिद्धेश्वर धरणाच्या काठावरच्या खडकावर पाय ठेवला, तशी गारठ्याची कळ थेट मस्तकात गेली.

समोर कमरेएवढ्या पाण्यात तिचे वडील नामाजी मेंढरं धूत होते. कातरणीआधीची ही धुणावळ दिवस उगवताच उरकायची, म्हणजे सांजेपर्यंत लोकर वाळते. मेंढरं पाण्यात लोटायला एरवी तिचा भाऊ प्रभू असायचा. यंदा तो हिंगोलीत कामात अडकला, म्हणून आईने, सत्यभामाबाईने, लेकीला बोलावून घेतलं. नामाजींना न विचारताच.

दीपमालाने सुदामशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा आईने आकाशपाताळ एक केलं होतं. भांडी आदळली, ‘आमाला तू मेलीस’ म्हणाली, आणि पंधरवड्यातच फोनवर ढसाढसा रडली. बापाने ना शिवी दिली ना हाक मारली. कालपासून ती माहेरी होती, तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्या एका शब्दासाठीच तर ती आली होती.

“आबा बोलतील का गं कधी?”

सत्यभामाबाईने मेंढीचा कान धरून तिला पुढे ओढलं. “मी बाई तव्यासारखी. लगेच तापते, लगेच निवते. तुजा बाप म्हंजी पाणी. तापायला येळ, निवायला बी येळ.”

मेंढी पाण्याशी येऊन अडली. दीपमाला तिला मागून रेटत राहिली, पण स्वतः काही पाण्यात उतरेना. खडक एवढा गार, तर पाणी काय असेल! ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली.

“धोंड्यावर काहून नाचून राहिलीस? पाण्यात उतर.”

नामाजींचा आवाज ऐकून सत्यभामाबाईचा हात जागीच थांबला. दीपमाला घाबरतच उतरली, आणि चकित झाली. पाणी कोमट होतं. कालचं ऊन खडकाने रात्रीतच सोडून दिलं होतं, पाण्याने ते अजून धरून ठेवलं होतं. तिला एकदम रडू आलं. निवायला वेळ लागतो तो काही रागालाच नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बापलेक मेंढरं चोळत राहिले. बऱ्याच वेळाने नामाजी लोकर पिळत, तिच्याकडे न बघताच म्हणाले,

“औंदा लोकर बरी हाय. जावयाची घोंगडी विणायला टाकू. उंचीला किती हाय त्यो?”

दीपमालाने ओला हात आपल्या डोक्याच्या वर धरला.

नामाजींनी हाताकडे नीट बघून घेतलं आणि पुढची मेंढी ओढली.