भरल्या गाडीला वाट

आमच्या गाडीला पाच पोचे आहेत आणि पाचही माझे आहेत. लपवण्यासारखं त्यात काय आहे? दोन मागच्या बंपरला, दोन डाव्या दाराला, एक डिकीच्या कोपऱ्यात. गोपाळकृष्ण, म्हणजे आमचे हे, रोज सकाळी ओलं फडकं घेऊन त्यांच्यावरून असा हात फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणाला तरी देवी आल्यात.

अकरा वर्षं गाडी यांनी चालवली. एक ओरखडा नाही. गेल्या वर्षी काचबिंदूने बाजूची नजर गेली, डॉक्टरांनी गाडी बंद करायला लावली, आणि मी छप्पन्नाव्या वर्षी लायसन काढलं. तेव्हापासून हे माझ्या शेजारी एकदाही बसले नव्हते. डोळे दाखवायला रत्नागिरीत जायचं तरी रिक्षाने.

परवा जेवताना यांनी निकालच सुनावला. "पालीला रावजीच्या गॅरेजात पोचे काढून घेऊ, रंग मारू आणि गाडी विकून टाकू. आपल्या दोघांना रिक्षा पुष्कळ झाली."

"तुम्हाला पुष्कळ झाली. मला नाही."

"अगं हेमा, वर्षात पाच! अजून थोड्या दिवसांनी भंगारवाला तरी घेईल का?"

माझं म्हणणं सरळ होतं. पत्रा फाटलेला नाही, गंज नाही, दार नीट लागतं, मग पोचे काढायचे कशाला? पण गाडी यांच्या नावावर, सही यांची. रात्रभर मला झोप नाही, खोटं कशाला बोलू. भाजी आणायची तर कोणाची वाट बघायची नाही, बहिणीकडे जायचं तर कोणाला विचारायचं नाही, उठायचं आणि निघायचं, हे सुख मला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. ते असं कोणाच्या एका सहीने जाऊ देणारी मी नव्हे. पण करू काय, ते सुचत नव्हतं.

काल सकाळी निघालो. रावजीशी घासाघीस मला जमणार नाही, म्हणून हे शेजारी बसले. पट्टा लावून, दाराची मूठ घट्ट धरून.

वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंतची आमची वाट दोन गडग्यांमधून जाते. चिऱ्याच्या पुरुषभर उंच भिंतीच त्या, मधून एक गाडी जेमतेम मावते. अर्ध्यावर गेलो तर समोरून बाबूचा टेंपो. पलीकडच्या बागेतले आंबे घेऊन आमच्या वाडीतल्या शेडकडे निघालेला, वरपर्यंत क्रेट रचलेले. आता आमच्याकडे रीत अशी, की भरल्या गाडीला रिकाम्या गाडीने वाट द्यायची. आंबा मागे-पुढे हिंदकळला की डागतो, आणि डागलेला आंबा पेटीत जात नाही.

"हॉर्न दे," हे म्हणाले. "जाईल तो मागे."

"भरलाय तो."

"म्हणून काय झालं? दे तू हॉर्न."

मी रिव्हर्स टाकला. साठ-सत्तर पावलं मागे जायचं, मध्ये एक वळण, आणि वळणावर गडग्यातून बाहेर आलेला एक चिरा. दाराचे दोन्ही पोचे त्याचेच, पण आता माझी त्याची चांगली ओळख झाली आहे. यांनी डोळे मिटून घेतले होते. मी आरशात बघत, हळूहळू, कुठेही न घासता गाडी देवळापुढच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली.

टेंपो शेजारी आला. बाबूने बसल्या जागेवरूनच हाक मारली. "काकी, उपकार झाले बघा. मागल्या वर्षापासनं सुखानं येतोय. आधी काकांची गाडी लांबून दिसली तरी मी आपला मुकाट मागं जायचो. दोनदा माझा आरसा फुटला या गडग्याला."

मग त्याला माझ्या पलीकडे बसलेले काका दिसले. त्याने घाईघाईने टेंपो पुढे काढला.

मी गाडी तशीच चालू ठेवून बसले.

हे म्हणाले, "मी याला मागे जायला लावायचो?"

"याला एकट्याला नाही. सगळ्यांनाच."

"तू कधी बोलली नाहीस."

"दर वेळी बोलले," मी म्हटलं. "तुम्ही हॉर्न वाजवत होतात."

यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण मी खोटं काही बोलले नव्हते. हे समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. यांना तेवढंच दिसतं आता, सरळ समोरचं.

"मग? पालीला घेऊ?" मी विचारलं.

"रावजीला फोन करून सांगतो, नको म्हणून." यांनी दाराची मूठ सोडली. "शनिवारी डोळे दाखवायचेत. नऊला निघू आपण."

"साडेआठला," मी म्हटलं. "वाटेत टेंपो भेटतात."