बंद घरातली चाळीस मिनिटं

मूठ आवळा. आता सोडा. झालं.

सदर घर जसं आहे तसं, जिथे आहे तिथे विकण्यात येईल.

आईच्या वॉकरची रुंदी चोवीस इंच.

पोकळ भिंत ठोकली की बोलते. भरीव भिंत गप्प असते.

"बाई, तुमच्या घरी कोण कोण असतं?" हा प्रश्न तेवीस वर्षांत एकाही पेशंटने विचारला नव्हता.

बुधवारी सकाळी अकरा वाजता, एका कुलूपबंद दारासमोर उभं असताना हे सगळं तिच्या डोक्यात एकदमच चाललं होतं. सरकारी कारकून जुडग्यातली चौथी किल्ली लावून बघत होता.

"उघडलं की चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "मग मला दुसरीकडे जायचंय. वीज तोडलेली आहे. आणि आतलं काही उचलायचं नाही."

"उचलण्यासारखं आहे तरी काय आत?" तिच्यासोबत आलेल्या मिस्त्रीने विचारलं.

"ते मला काय माहीत? मीही पहिल्यांदाच बघतोय."

पाचव्या किल्लीला दार उघडलं.

ती एका लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळी साडेसहापासून घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दहाच्या आत पोचवायचे. लोक तिला सुईवाल्या बाई म्हणत. गावातली हजारभर घरं तिने आतून पाहिली होती, पण ती फक्त पलंगापर्यंत. स्वतः ती मावशीकडे वाढली, वसतिगृहात शिकली, मग भाड्याच्या सहा खोल्या बदलल्या. वय एक्कावन्न. भावाकडे राहणाऱ्या आईला आपल्याकडे आणायचं, तर स्वतःचं घर हवं, आणि त्यात आईसाठी वेगळी खोली हवी, एवढंच तिने ठरवलं होतं. बाजारभावाने दोन खोल्या तिच्या आवाक्यात नव्हत्या. हे घर एका घड्याळजीचं. तो वारला, वारस कोणी निघाला नाही, म्हणून लिलाव.

लिलावाआधी घर आतून बघायला मिळावं म्हणून तिने तीन अर्ज केले, पाच खेटे घातले. मिस्त्री तिनेच शोधला. जन्मभर घरं बांधून आता तो दुसऱ्यांची घरं तपासून द्यायचा. लाकडी हातोडीने भिंती ठोकत फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ठोक्या.

सहावं मिनिट.

ठोक, ठोक. "ही भरीव." ठोक. "ही पण." मिस्त्री भिंतीला कान लावून पुढे सरकत होता. ती त्याच्या मागे मागे, हातात वही.

"साहेब," तिने कारकुनाला विचारलं, "इथे खिळे ठोकलेले चालतात का?"

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं. "घर तुम्ही घेतल्यावर?"

"हो."

"अहो, घेतल्यावर पाडलंत तरी कोण विचारतंय तुम्हाला!"

मिस्त्री हसला. तीही हसली, पण वहीत लिहिलं: खिळे चालतील.

चौदावं मिनिट.

आतल्या खोलीत ती खिडकीकडे पाठ करून उभी राहिली आणि डावा हात पुढे केला. मग दोन पावलं सरकून पुन्हा.

"कसरत चाललीय का?" मिस्त्री दारातून म्हणाला.

"उजेड बघतेय. आईची शीर लवकर सापडत नाही. पलंग असा लावला, डोकं तिकडे केलं, तर हातावर सकाळचा उजेड येईल."

"मातोश्री येणार वाटतं राहायला?"

"ही खोली तिच्यासाठीच बघतेय."

"मग न्हाणीचं दार आधी मोजा. म्हाताऱ्या माणसांचं घोडं तिथेच अडतं."

दार तेवीस इंच निघालं. तिने पुन्हा मोजलं. तेवीसच.

"चौकट काढून भिंत थोडी फोडू," मिस्त्री म्हणाला. "दोन दिवसांचं काम. तोंड पाडू नका एवढं."

सव्विसावं मिनिट.

बाहेरच्या खोलीत मिस्त्री गुडघ्यांवर बसला आणि त्याने टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा धरला. फरशीवर एक पट्टा दिसला. आजूबाजूला चमक होती, पट्टा मात्र घासून मंद झालेला.

"बघा. पलंग इथे असणार. इथून ओटा. ओट्यापासून खिडकी. खिडकीपासून परत पलंग." त्याने बोटाने त्रिकोण काढला. "वर्षानुवर्षं एकाच माणसाची ये-जा. जोडप्याच्या घरात असं नसतं. तिथे सगळी फरशी सारखी झिजते, मुलं असली तर विचारूच नका."

"आणि आतली खोली?"

तो उठला, गुडघे झाडत आत गेला, टॉर्च टेकवला. फरशी आरशासारखी लखलखली.

"नवीकोरी. कुणी पाऊलच टाकलेलं नाही. कशाला ठेवली असेल कोण जाणे." मग तोच म्हणाला, "तुमच्या फायद्याचंच आहे. पॉलिशचा खर्च वाचला."

तिने वहीत लिहिलं: पॉलिश नको. आणि उरलेला वेळ त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

चाळीस.

शुक्रवारी लिलावाच्या खोलीत वीस खुर्च्या होत्या आणि माणसं चार. अधिकारी, कारकून, ती, आणि पंख्याखाली पेपर वाचत बसलेला एक गृहस्थ. तो दुसऱ्या एका भूखंडासाठी आला होता, त्याचा नंबर नंतर होता.

अधिकाऱ्याने किमान किंमत वाचली. तिने हात वर केला.

"आणखी कोणी?"

पंखा फिरत होता. गृहस्थाने पान उलटलं.

"आणखी कोणी? एक वार..."

तिने पुन्हा हात वर केला. "एक पायरी वर," ती म्हणाली.

अधिकारी थांबला. "बाई, आधीची बोलीसुद्धा तुमचीच आहे."

"हो."

"म्हणजे तुम्ही स्वतःवरच चढवताय."

कारकुनाने तोंडावर हात धरला. तिचे कान तापले. आपण काही मागितलं आणि कुणी आडवं आलं नाही, हे तिच्या अंगवळणी नव्हतं. आणखी कोणी, असं विचारल्यावर कुणीतरी असतंच, अशीच तिची समजूत होती.

"चुकलं," ती म्हणाली. "पण बोलले ते बोलले. लिहा."

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "मी काही ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंत काय हो?"

"नाही बुवा," पेपरमागून गृहस्थ म्हणाला.

पहिल्याच आकड्याला घर तिचं झालं.

बाहेर जिन्यात उभं राहून तिने भावाच्या घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

"मिळालं? अगंबाई! अभिनंदन हो वन्सं. किती खोल्या म्हणालात?"

"दोन."

"छान. ऐसपैस होईल तुम्हाला. आईंचा आत्ताच डोळा लागलाय. उठवू का?"

"नको. झोपू दे."

ताबा मिळाल्यावर तिने सगळ्यात आधी मिस्त्रीला बोलावलं. दोन दिवस घर धुळीने भरलं. तिसऱ्या दिवशी त्याने नवी चौकट बसवली आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं.

"मोजा तुमच्या हाताने."

"बत्तीस."

"आता वॉकर काय, वरात जाईल. कधी येतायत मातोश्री?"

"बघू," ती म्हणाली. "थंडी सरू दे."

तिने केरसुणी घेतली आणि आतल्या खोलीची धूळ काढली. सावकाश, कोपऱ्यापासून दारापर्यंत.

घराच्या तपासणीआधीच्या रविवारी ती आईचं रक्त घ्यायला भावाकडे गेली होती, आणि तेव्हाच, हात पुढे करून, आईने तिला सांगितलं होतं की मी येणार नाही, मला इथून हलवू नकोस.