ऐकलं मी, लिहिलं तिनं

मी रजई ताणायची चौकट बोलतेय. मेपलच्या लाकडाच्या चार पट्ट्या, बाकी काही नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातल्या या घरात ड्रुसिला पेनिमनच्या वडिलांनी मला घडवलं, आणि दर हिवाळ्यात गावच्या बायका माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसू लागल्या. दहा सुया, दहा तोंडं! रजईपेक्षा त्यांच्या बोलण्यानंच मी जास्त दमायची.

ड्रुसिलाचे टाके वाकडे, पण कान भारी तिखट. ऐकलेलं ती लिहून काढायची, आणि बॉस्टनचं मासिक ते छापायचं. आडगावात अडकलेल्या, मनातल्या मनात कुढणाऱ्या बायकांच्या गोष्टी. एके दिवशी त्या दहांतल्या मिसेस कॉबर्न ते मासिक नाचवतच आल्या.

"अगं बाई, ही तर आपली लोइस! नाव तेवढं बदललंय."

लोइस टार्बेल ही ड्रुसिलाची लहानपणापासूनची मैत्रीण. तिचा एझ्रा लग्न ठरवून पश्चिमेला गेला, तो गेलाच. तरी चौदा वर्षं दर रविवारी ती त्याचं ताट मांडायची. हे तिनं एकट्या ड्रुसिलाला सांगितलं होतं, माझ्यावर वाकून, हलक्या आवाजात.

लोइस उठून गेली. मागोमाग बाकीच्याही उठल्या. "हिच्यासमोर आता शिंकायचीसुद्धा चोरी!"

मग नऊ हिवाळे मी भिंतीला टेकून. ड्रुसिलाची पाच पुस्तकं निघाली, नाव झालं. पण दाराशी पावलं वाजली की ती लेखणी टाकून धावायची. पोस्टमन असायचा. मला तिचा राग यायचा, आणि कीवही.

दहाव्या हिवाळ्यात लोइस आली. बसलीसुद्धा नाही.

"ड्रुसी, एकच सांग. गोष्टीत तू त्याला परत का आणलंस?"

"तुझ्यासाठी गं. मला दुसरं काय देता येणार होतं?"

"मी ते ताट मांडणं सोडलं होतं, बाई. तुझी गोष्ट वाचली आणि पुन्हा मांडायला लागले. नऊ वर्षं!"

ड्रुसिला हमसून रडली. लोइसनं मला भिंतीपासून ओढलं. मग म्हणाली, "पुरे आता. ही चौकट धर त्या बाजूनं."

त्या हिवाळ्यात दोघींनी मिळून एक रजई पुरी केली. ड्रुसिलानं पुढं एकही ओळ लिहिली नाही.

आता दोघीही नाहीत. घराचं संग्रहालय झालंय. लोक ते बघायला येतात, एवढ्या मोठ्या लेखिकेनं लिहिणं सोडलं म्हणून हळहळतात. मी दोरीपलीकडे उभी असते. उभं राहून राहून थकले हो. हळहळू नका. मला एकदा खाली घ्या, कुणीतरी दोघी समोरासमोर बसा, आणि जे बोलाल ते बाहेर नेऊ नका.