ओटीत घेताहेत

आमच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मालकाला प्रत्येक कामगार चोर वाटतो, म्हणून. घरचा फोन गेटवर येतो आणि वॉचमन निरोप चिठ्ठीवर लिहून धाडतो. दोन ओळी, जास्त नाही.

त्या दिवशी साडेबाराला माझी चिठ्ठी आली. 'वडिलांना ओटीत घेताहेत. लवकर ये. ताई.'

ओटी म्हणजे ओव्हरटाइम. आमच्या घरात त्याला दुसरा अर्थच नव्हता. अण्णा शेजारच्या दोन नंबर युनिटमध्ये बाटल्यांची झाकणं तपासायचे. वय झालं म्हणून वर्षभर त्यांना ओटीत घेत नव्हते. सुपरवायझरपुढे त्यांनी इतकं नाक घासलं होतं की मुलीच्या बापानेही जावयापुढे घासलं नसतं. मला वाटलं, घेतलं एकदाचं. आणि लवकर ये म्हणजे गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायचा असणार. ताईला नेहमीच घाई.

मग डोकं फिरलं. साठीच्या म्हाताऱ्याला घेतात आणि मला महिनाभर ताटकळत ठेवतात? सरळ आमच्या सुपरवायझरपुढे जाऊन उभा राहिलो. बापाला घेता, मग पोराने काय घोडं मारलं, असं विचारलं. तो म्हणाला, थांब सातपर्यंत, पण तोंड बंद ठेव.

थांबलो. बाप ओटीत, पोरगा ओटीत. शेजारचा मशीनवाला म्हणाला, आता घराला कुलूप लावा आणि इथेच अंथरुणं टाका. मी हसलो. ते हसणं तेवढं नीट आठवतं.

सात वाजता वॉचमन म्हणाला, बहिणीचा परत फोन आला होता, दवाखान्यात बोलावलंय. पण ओटीतल्या माणसाला निरोप धाडायचा नाही, असा नियम आहे.

दवाखाना दहा मिनिटांवर. दारावर दोनच अक्षरांची पाटी होती, ओटी. वरचा लाल दिवा विझलेला. ऑपरेशनच्या खोलीलाही ओटी म्हणतात, हे मला तिथे कळलं.

ताई बाकावर बसली होती. तिने एका सुरात सांगितलं. अण्णा कामावरच पोट धरून कोसळले. आतडं फुटलं होतं. आत नेताना त्यांनी हाताने दाराची चौकट धरून ठेवली, पोरगा येतोय म्हणाले. डॉक्टर पंधरा मिनिटं थांबले. मग नर्सने त्यांची बोटं सोडवली. चारला टेबलावरच गेले. नर्स जे म्हणाली, तेच ताईने फोनवर सांगितलं होतं.

"चिठ्ठी मिळाली नाही का रे?"

"मिळाली."

खिशातून काढून दिली. तिने वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली. वॉचमनने एक अक्षर चुकवलं नव्हतं.

"मग?"

मी पाटीकडे बघत राहिलो.

पाचव्या दिवशी कामावर गेलो. सुपरवायझर वाईट झालं म्हणाला. मग यादी पुढे ओढून त्याने विचारलं, "आज ओटीत घेऊ का?"

"घ्या," म्हटलं.