परत फेकायचा चेंडू

मी बेसबॉलचा चेंडू बोलतोय. पण आधी एक विचारतो, भरवसा कुणावर ठेवायचा? मालावर, की मालापुढच्या चिठ्ठीवर? उत्तराची घाई नको. ऐकून घ्या, मग ठरवा.

कुठल्या कारखान्यात शिवला गेलो ते आठवत नाही. मला समज आली ती अमेरिकेत, आयोवातल्या झेलेनीच्या हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या टोपलीत. झेलेनी शाळा अर्धवट सोडलेला, पण धंद्यात पक्का. वाकडे खिळे तो वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि डब्यावर लिहायचा, ‘वाकडे खिळे’. गिऱ्हाईक हसायचं आणि घेऊन जायचं. एकदा कुणीतरी मला हातात तोलून विचारलं, लीगच्या सामन्यातला आहे का हा? झेलेनी म्हणाला, "नाही हो. कुत्र्याला पळवायला बरा आहे."

तेव्हा मला लागलं होतं. पण इतकं खरं माझ्याबद्दल पुढे कुणी बोललं नाही.

मला ऑड्रे कुबातनं घेतलं. तिची बेकरी होती, आणि तिचा बाप वेन्स कुबात म्हणजे गावाचं दैवत. नदीकाठच्या आमच्या लीगमध्ये कारकिर्दीतले सगळ्यात जास्त होमरन, म्हणजे थेट कुंपणापार मारलेले फटके, त्याचे, दोनशे एकोणनव्वद. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी एक सामना चुकवायचा नाही. डाव्या कुंपणामागच्या बाकावर बापलेक बसायची, मांडीवर कोलाच्यांचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, खोका.

आमच्या गावाची एक रीत. परक्या संघाचा होमरन प्रेक्षकांत पडला, तर तो चेंडू घरी न्यायचा नाही. मैदानात परत भिरकावायचा. तुमचं काही नको आम्हाला, असा त्याचा अर्थ. फेकल्यानं होमरन काही रद्द होत नाही, पण मारणाऱ्याला झोंबतं. रीत आली की पळवाटही येते. हुशार लोक खिशात एक जुना चेंडू बाळगतात. फेकायचा तो, आणि खरा हळूच आत. मी ऑड्रेचा पळवाटेचा चेंडू. तिच्या पर्समध्ये कितीतरी उन्हाळे काढले. पावडर सांडायची, पेपरमिंटच्या गोळ्या फुटायच्या, ते सगळं माझ्या कातड्यात मुरलं. पण बाहेर निघायची वेळ आली नाही. छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही, तसंच ते.

आता रूफसचं सांगतो. रूफस टॉलिव्हर वेन्सच्या हाताखाली तयार झाला. कोलाचे खायला त्याला कुबातांच्या स्वयंपाकघरात बोलवावं लागत नसे. मग एका हिवाळ्यात क्लबनं त्याला काढलं, म्हातारा झालास म्हणून. गावात कुजबुज उठली की वेन्सनंच मालकाचे कान भरले, विक्रम वाचवायला. रूफस नदीपलीकडच्या संघात गेला आणि त्यानं या घराचा उंबरा सोडला. वेन्सनं खुलासा केला नाही. ज्याला विचारायचंय त्यानं यावं, म्हणायचा. कान मात्र रोज दाराकडे. ऑड्रे पर्स तिथल्याच खुंटीला लावायची, म्हणून मला ठाऊक.

आणि रूफस होमरन मारत राहिला. वेन्सची बरोबरी करून तो आमच्याच मैदानावर खेळायला आला.

तिसऱ्या डावात ठोका ऐकू आला. वेन्स ऐकूनच म्हणाला, "गेला." गेला तो आमच्याकडेच आला. बाकावर आपटला, उसळला आणि थेट कोलाच्यांच्या खोक्यात पडला. वेन्सनं तो उजव्या हातानं उचलला. विक्रम मोडला होता, आणि मोडणारा चेंडू ज्याचा मोडला त्याच्याच हातात.

सगळं स्टँड ओरडू लागलं, परत फेक म्हणून. मागून एक जण म्हणाला, "मोतीबिंदू डोळ्याला झालाय ना वेन्स, हाताला नाही!" दुसरा म्हणाला, चुकून कोलाचे फेकू नकोस रे. न फेकावं तर गाव दुखावतं. फेकावं तर रूफसच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई त्याच्या तोंडावर मारल्यासारखं.

ऑड्रेनं मला काढलं आणि बापाच्या डाव्या हातात कोंबलं. "बाबा, हा फेका. तो ठेवा."

वेन्सनं मान डोलावली. समजलं होतं त्याला. पण उभी हयात उजव्या हातानं कुंपणापासून चेंडू फेकलेला माणूस तो. उठला, पाय रोवला आणि उजवा हात आपोआप फिरला. खरा चेंडू मैदानात गेला. कुणीतरी तो गोलंदाजाकडे टाकला, तो बादलीत गेला, आणि पुढे कुठे झिजला देव जाणे. डाव्या हातात मी राहिलो.

वेन्स खाली बसला. माझ्यावरून अंगठा फिरवत समाधानानं म्हणाला, "जमलं. आता हा त्याला नेऊन देतो."

ऑड्रेनं मला ओळखलं. तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांनी बाप रूफसकडे स्वतःहून जायला उठला होता.

सामना संपल्यावर पाहुण्या संघाच्या खोलीत गेलो. रूफस बाकावर बसून पट्ट्या सोडत होता. वेन्सला बघून उठला नाही.

"घेऊन आलोय," वेन्स म्हणाला. "फेकला तो दुसरा."

रूफसनं मला घेतलं. सामन्याआधी पंच प्रत्येक नव्या चेंडूला नदीचा गाळ चोळतात, चकाकी घालवायला. माझ्या अंगावर गाळ नव्हता, लीगचा शिक्का नव्हता. बोटं शिवणीवर थांबली. त्यानं मला नाकाशी नेलं. पावडर, पेपरमिंट. मग ऑड्रेकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. आता हा मला म्हाताऱ्याच्या तोंडावर फेकणार, असं मला वाटलं. गावानं एकदा फसवलं, पुन्हा फसवायला आलेत, असा हिशोब कुणीही केला असता.

वेन्सला यातलं काही दिसत नव्हतं. तो आपला मनातलं काढत होता. "तुला काढलं तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, रूफस. तुझ्याविरुद्ध नाही, हे देवाशपथ. पण तुझ्या बाजूनंही नाही. बोलायला हवं होतं."

खोलीतले बाकीचे खेळाडू कपडे घालायचे थांबले. रूफसनं मला मुठीत धरलं.

"हे द्यायला तुम्ही स्वतः आलात, कोच?"

"दुसरं कोण येणार?"

"मग झालं." तो बाजूला सरकला आणि बाकावर जागा केली. "बसा. ऑड्रे, कोलाचे संपवलेत सगळे का माझ्यासाठी एखादा?"

एकच उरला होता, चेंडूनं चेपलेला. तो त्यानं खाल्ला.

पुढे रूफसच्या फडताळावर मी वीसेक वर्षं राहिलो. दर रविवारी वेन्स यायचा, मग येईनासा झाला. पाहुणे विचारायचे, हाच का तो? रूफस म्हणायचा, "हा मला वेन्स कुबातनं दिला." पुढचं एक अक्षर नाही. लोक आपापल्या मनानं भर घालायचे.

आता दोघंही नाहीत. रूफसच्या भाचीनं मला प्रेमानं गावाच्या सभागृहात आणून ठेवलं. काचेच्या पेटीत आहे, दिवा आहे, आणि पुढे चिठ्ठी आहे, ‘विक्रम मोडणारा चेंडू’. शाळेची मुलं काचेला नाक लावून बघतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला बॅट कधी लागलीच नाही हो. वाकडे खिळे वाकडे म्हणून विकणाऱ्याच्या दुकानात मी वाढलोय.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं. कुणाला माझी गोष्ट सांगाल तर हिशोब खरा ठेवा. तो होमरन रूफसच्या खात्यात आहेच, त्याला माझ्या साक्षीची गरज नाही. मला तिथे मांडू नका. माझ्यापुढे लिहा, दुकानातला चेंडू, वेन्सकडून रूफसला.